अनुसूयाबाईंची दुर्बीण

मित्रांनो, तुमच्या शाळेच्या कपाटात नकाशांच्या गुंडाळ्यांमागे एक पितळी नळी पडलेली असते. चेंडू शोधताना तुमच्यापैकी एखाद्याचा हात तिला लागला असेल. ती मी. मी एक जुनी दुर्बीण आहे. गावात मला सगळे 'मास्तरांची दुर्बीण' म्हणतात. ते खरे नाही. मी अनुसूयाबाईंची आहे. माझ्यावर एकदा खोटा आळ आला आणि आठ वर्षे मी तो अंगावर वागवला. आळ घेणारा माणूस मला रोज पुसणारा होता, म्हणून तो जास्त लागला. ती हकीकत तुम्हाला सांगते.

माझा जन्म विलायतेतल्या एका कारखान्यात झाला. एकीत एक सरकणाऱ्या तीन पितळी नळ्या केल्या, पुढे मोठे भिंग बसवले, मागे डोळ्याकडे लहान लहान भिंगे लावली. आकाश पाहायच्या मोठ्या दुर्बिणीत सगळे उलटे दिसते. मी जहाजावरच्या कामासाठी केलेली, म्हणून माझ्यात चित्र पुन्हा सुलटे करणारी भिंगे आहेत. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिचे काम पडणार आहे.

वीस वर्षे मी एका मालवाहू जहाजावर होते. दीपगृह कुठे, खडक कुठे, समोरून येणारे जहाज कुठल्या दिशेने चालले आहे, हे मी दाखवी आणि माझा साहेब, त्या जहाजाचा कप्तान, त्यावर विश्वास ठेवून सुकाणू फिरवायला सांगे. सत्तेचाळीस साली तो मायदेशी परत निघाला. मुंबईच्या गोदीत दिनानाथ नावाचे भांडारपाल होते. ते माझी भिंगे पुसून देत. साहेबाने मला त्यांच्या हातात ठेवले आणि तो गेला. वीस वर्षांत मी त्याला एकदाही चुकीचे दाखवले नव्हते. त्याने मागे वळून पाहिले नाही.

दिनानाथांना एकच मुलगी, अनुसूया. सतरा-अठरा वर्षांची, चार यत्ता शिकलेली. त्यांनी मला घरी नेले आणि संध्याकाळी गच्चीवर तिच्या हातात दिले. तिने चंद्र पाहिला. बराच वेळ पाहिला.

"बाबा, चंद्राला खळगे आहेत," ती म्हणाली.

"तू बघितलेस ना?"

"हो."

"मग आहेत."

एवढेच बोलणे झाले. पण तेवढ्यावर ती मुलगी पुढचे सगळे आयुष्य माझ्यातून पाहत राहिली.

पुढच्याच वर्षी तिचे लग्न ठरले. मुलगा मुरुडच्या अलीकडच्या एका गावचा. घरची नारळ-पोफळीची वाडी, वाडीच्या मागे समुद्र, आणि तो स्वतः गावच्या शाळेत मास्तर. नाव मार्तंड. दिनानाथांनी मला रुखवतात मांडले. लाडू-चिवड्याची ताटे, वाती, रंगवलेले नारळ आणि मधोमध मी.

"ही पिचकारी काय?" एका म्हातारबुवांनी विचारले.

"न्हाय वो, सनई असंल," मागून कुणी म्हणाले. "मास्तरीण वाजवनार, मास्तर नाचनार."

सगळे हसले. मार्तंड मास्तर हसले नाहीत. ते पुढे आले, त्यांनी मला उचलले, माझ्या नळ्या हळूच ओढल्या आणि मांडवातूनच दूरच्या माडाच्या शेंड्याकडे पाहिले. "हिच्यातून गुरूचे चंद्र दिसतील," ते म्हणाले. त्यांचा आवाज इतका आनंदी होता की मला वाटले, आपण बरोबर घरी आलो.

आणि पहिली काही वर्षे ते खरे होते. मास्तरांनी माझ्यासाठी पोफळीच्या खोडाची तीन पायांची घोडी केली. शाळेत तोवर कधी झाले नव्हते ते त्यांनी केले. थंडीच्या दिवसांत संध्याकाळी मुलांना वाळूवर बोलावून शुक्राची कोर दाखवली, गुरूचे चार चंद्र दाखवले, कृत्तिकेचा पुंजका दाखवला. मुले रांग लावून येत. कुणाचे नाक गळत असे, कुणी डोळा मिटण्याऐवजी तोंड मिटत असे. मला ते सगळे आवडे.

मास्तरांना आकाश पुस्तकांतून ठाऊक होते. अनुसूयाबाईंना ते बघून बघून ठाऊक झाले होते. त्यांनी एक वही केली होती. तिच्यात रोजचे काय दिसले ते पेन्सिलीने काढून ठेवत. गुरूचा कुठला चंद्र आज कुठल्या बाजूला, एवढीच चार टिंबे. खाली तारीख. दिसले नाही तर लिहीत, 'ढग.' वही उघडली की मास्तर म्हणत, "अगं, हे सगळं छापलेलं मिळतं." त्या म्हणत, "असेल. पण मी बघितलंय ते माझं आहे."

समुद्राकडच्या बाजूला कोळ्यांची वस्ती होती. तिथला गुणाजी नाखवा जाळी वाळत घालायला आमच्या वाडीच्या कुंपणापर्यंत येई. त्याला ताऱ्यांची पुस्तकातली नावे येत नसत, पण कुठला तारा कुठल्या महिन्यात कुठे बुडतो हे तो झोपेतही सांगे. अनुसूयाबाई त्याला विचारत आणि वहीत लिहीत. त्याची बायको रतन मासे घेऊन आली की आधी माझ्यातून आपली होडी बघायची आणि मग भाव सांगायची.

"वैनी, तुजी नली लई वायट," ती म्हणाली होती. "आमचा दादला होरीत बसून विडी फुकतो, ता बी दिसला."

मग चोपन्न सालचा जून आला. महिनाअखेरीस संध्याकाळी सूर्यग्रहण होते. मास्तरांनी आठ दिवस आधीपासून गावात दवंडीसारखे सांगितले, काचा धुरावर काळ्या करून घेतल्या आणि सगळ्यांना किनाऱ्यावर उभे केले. ढग हटले नाहीत. ग्रहण लागले, सुटले, सूर्य बुडाला. लोकांनी फक्त पावसाचे पाणी पाहिले. त्यानंतर कितीतरी दिवस रस्त्यात कुणीतरी विचारायचेच, "मास्तर, आज गिरान हाय का ढग हायत?" मास्तर वरवर हसत. घरी आले की बोलत नसत. तेव्हापासून त्यांना एका गोष्टीची भीती बसली. लोक हसतील अशी कुठलीही गोष्ट आपल्या नावावर नको. ही भीती मला तेव्हा समजली नाही. समजली असती तरी मी काय केले असते?

सत्तावन्न सालच्या एप्रिलमध्ये वर्तमानपत्रात धूमकेतूची बातमी आली. संध्याकाळी वायव्येला, समुद्रावर, सूर्य बुडाल्यावर. ज्यांना दिसेल त्यांनी चित्र काढून पाठवावे, असे मुंबईतल्या हौशी आकाशनिरीक्षकांच्या एका मंडळाने कळवले होते. मास्तरांनी ती बातमी कापून भिंतीला लावली. पण त्याच दिवसांत त्यांना परीक्षेच्या कामाला अलिबागला जावे लागले.

"मी येईपर्यंत तू बघून ठेव," ते जाताना म्हणाले. "चित्र काढ. मी आलो की शाईने नीट उतरवून पाठवतो."

"माझं चित्र पाठवाल?" अनुसूयाबाईंनी विचारले.

"मग काय माझं? मी तर इथे नाही."

हे शब्द मी ऐकले आहेत. त्या दिवशी अनुसूयाबाईंनी माझी भिंगे दोनदा पुसली.

अमावास्या चार-पाच दिवसांवर होती, त्यामुळे चंद्राचा उजेड नव्हता. हवाही स्वच्छ होती. सूर्य बुडून अर्धा तास झाला असेल. पाण्यापासून थोड्याच उंचीवर धूमकेतू दिसला. डोके गोल, धुरकट, आणि शेपूट वर गेलेले. पण त्याशिवाय आणखी काही होते. डोक्याच्या दुसऱ्या बाजूने, खाली, जिथे सूर्य बुडाला होता तिकडे, एक बारीक उजळ रेघ निघाली होती. सुईसारखी सरळ.

अनुसूयाबाईंनी डोळा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. मग मला अर्धी फिरवून पाहिले. दोष माझ्यात असता तर रेघही माझ्याबरोबर फिरली असती. ती फिरली नाही. मग त्यांनी नुसत्या डोळ्यांनी पाहिले. पुसट होती, पण होती.

कुंपणापलीकडे गुणाजी जाळे गुंडाळत होता. त्यांनी त्याला हाक मारली.

"गुणाजी, तो शेपटीचा तारा बघ. तुला काय दिसतं?"

त्याने कपाळावर हात धरला. "शेपूट वर हाय. आन फुडं बी काय तरी हाय. होरीला फुडं टोकदार नाळ असते ना वैनी, तशी नाळ."

"खाली? सूर्याकडे?"

"व्हय. सूर्य बुडला तिकरंच."

त्यांनी तिथेच वाळूत बसून वहीत चित्र काढले. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा पाहिले, रेघ होती. तिसऱ्या संध्याकाळी होती, पण आखूड. चौथ्या दिवशी दुपारी मास्तर परत आले.

मित्रांनो, पुस्तकात एक वाक्य आहे, तुम्हीही शिकला असाल. धूमकेतूचे शेपूट नेहमी सूर्याच्या विरुद्ध दिशेला असते. मास्तरांनी चित्र पाहिले आणि त्यांचा चेहरा बदलला.

"हे काय काढलंस?"

"दिसलं ते."

"सूर्याकडे शेपूट नसतं. दुर्बिणीत उलटं दिसतं. तुला उलटं दिसलंय."

"उलटं दिसलं तर एकच दिसेल. मला दोन्हीकडे दिसलं," त्या म्हणाल्या. "आणि हिच्यातून गुणाजीची होडी उलटी का नाही दिसत मग?"

इतक्यात गुणाजी आला. त्याला वाटले, मास्तरांना आनंद होईल. "मास्तर, मी पन बगितलाय. त्याला फुडं नाळ हाय."

"गुणाजी, तू मासे बघ," मास्तर म्हणाले.

गुणाजी कुंपणाकडे वळला. मग म्हणाला, "बरं." आणि गेला.

त्या संध्याकाळी मास्तरांनी स्वतः मला धूमकेतूवर लावले. शेपूट वर होते. खाली काही नव्हते. मी कुठून दाखवणार? ते तीनच दिवसांचे होते. का ते आता सांगते. धूमकेतू जाताना आपल्या वाटेवर धूळ सांडत जातो. ती धूळ पातळ पसरलेली असते, गुणाजीच्या वाळत घातलेल्या जाळ्यासारखी. जाळ्यासमोर उभे राहिलात तर त्यातून आरपार दिसते, जाळे जणू नाहीच. पण जाळ्याच्या कडेला जाऊन सरळ रेषेत पाहिलेत तर सगळे धागे एकामागे एक येतात आणि ठळक रेघ दिसते. आपली पृथ्वी त्या दोन-तीन दिवसांत धुळीच्या जाळ्याच्या कडेवरून गेली. मग पुढे निघून आली आणि रेघ विरली. शेपूट सूर्याकडे वळले नव्हते. आपणच कडेला येऊन उभे होतो. हे तेव्हा मास्तरांना माहीत नव्हते. अनुसूयाबाईंनाही नव्हते. फरक इतकाच की बाईंनी पाहिले होते.

मास्तरांनी मला घोडीवरून उतरवले आणि म्हणाले, "भिंगात दोष आहे."

मी ते ऐकले. त्याआधी वादळात जहाजाच्या कठड्यावर आपटले होते तेव्हाही मला इतके लागले नव्हते.

"नाही हो," अनुसूयाबाई म्हणाल्या. "मी फिरवून बघितलं."

"अगं, जुनी आहे ती. मुंबईतली शिकलेली माणसं आहेत, हसतील. चोपन्न साली हसले ते पुरे नाही का?"

"हसू देत. पण दिसलं ते दिसलं."

दुसऱ्या दिवशी बाई विहिरीवर गेल्या असताना ते टेबलाशी बसले. मी खिडकीत होते. त्यांनी बाईंचे चित्र शाईने उतरवून काढले. हात सुबक होता. डोके काढले, शेपूट काढले, मागचे तारे काढले. रेघ काढली नाही. मग मूळ पेन्सिलीच्या चित्रावरची रेघही त्यांनी रबराने पुसली आणि कागदावर फुंकर मारली. खाली नाव लिहिले, ते स्वतःचे.

बाई परत आल्या तेव्हा पाकीट चिकटवलेले होते.

"पाठवता ना माझं?"

"आत्ता टाकतो टपालात."

बाईंनी पाकिटाला हळदी-कुंकवाचे बोट लावले. चिकटवलेले पाकीट त्यांनी उघडून पाहिले नाही. का पाहतील?

वहीतले पान पुसलेले त्यांना दोन दिवसांनी दिसले. मास्तर म्हणाले, "घासलं गेलं असेल." बाईंनी मास्तरांकडे पाहिले, मग माझ्याकडे. त्यांनाही वाटू लागले की कदाचित आपलीच नजर, कदाचित हिचेच भिंग. ज्या माणसावर आपला विश्वास असतो तो ठामपणे बोलला की स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडतो. शाळेत मास्तरांनी मुलांना सांगितले, "दुर्बीण बिघडली आहे, आता आकाश बंद." आणि मला माझ्या लाकडी पेटीत घालून पेटी माळ्यावर ठेवली.

पाऊस सुरू झाल्यावर मुंबईहून पत्र आले. बाई गोठ्यात होत्या. मास्तरांना पुटपुटत वाचायची सवय, म्हणून मला ते ऐकू आले. 'आपले चित्र मिळाले. फार सुबक आहे. एक विचारायचे आहे. पंचवीस एप्रिलच्या आसपास या धूमकेतूच्या डोक्यापासून सूर्याच्या दिशेनेही एक टोकदार प्रकाशरेषा अनेक ठिकाणी दिसली. सोबत छापील छायाचित्र पाठवत आहोत. आपल्या चित्रात ती नाही. आपल्या किनाऱ्यावरून कुणी पाहिली असल्यास जरूर कळवावे. तिकडचे एकही निरीक्षण आमच्याकडे नाही.'

मास्तरांनी पत्र पुन्हा एकदा पुटपुटत वाचले. तेव्हाच गोठ्यात जाऊन सांगितले असते तर सगळे मिटले असते. बाई रागावल्या असत्या, मग हसल्या असत्या, आणि नवे चित्र गेले असते. पण सांगायचे तर पुसलेली रेघ सांगावी लागली असती, आणि खालचे नाव सांगावे लागले असते.

मास्तर कागद फाडत नसत, जाळत नसत. कागदाला पाय लागला तर डोक्याला लावणारे घर ते. विद्येचा कागद चुलीत कसा घालायचा? म्हणून त्यांनी माळ्यावरून पेटी काढली, माझे पुढचे भिंग फिरवून उघडले, पत्र आणि छायाचित्र घडी करून माझ्या नळीत कोंबले आणि भिंग पुन्हा बसवले. मित्रांनो, मी खरी होते याचा पुरावा माझ्याच घशात कोंबला गेला आणि त्यामुळे मी आंधळी झाले. यापुढे खोटी कुणी कुणाला म्हणायचे?

त्याच वर्षी ऑक्टोबरात माणसाने पहिला कृत्रिम चंद्र आकाशात सोडला. सगळा गाव संध्याकाळी किनाऱ्यावर बघायला गेला. मी पेटीतून पावले ऐकली. बाई म्हणाल्या, "दुर्बीण काढू या का?" मास्तर म्हणाले, "बिघडलेली काय करायची?" नंतर बाईंनी एकदा जेवताना विचारले, "त्या धूमकेतूचं पत्र आलंच नाही का हो?"

"नाही. टपाल हरवतं कधी कधी."

एकसष्ट सालच्या एप्रिलमध्ये रेडिओने सांगितले की एक माणूस पृथ्वीभोवती फेरी मारून सुखरूप खाली आला. मास्तर शाळेत होते. भर दुपार होती. बाईंनी शिडी लावली आणि मला खाली काढले. माणूस वर जाऊन आला त्या दिवशी आपण निदान वर बघावे, एवढेच त्यांच्या मनात असेल. त्यांनी मला डोळ्याला लावले. अंधार. त्यांनी नळी हलवली. आत काहीतरी खरखरले.

त्यांचे हात माझी भिंगे उघडायला वडिलांकडून शिकलेले होते.

त्यांनी पत्र वाचले. हळूहळू, बोट ठेवून. छायाचित्र उंबऱ्याशी उजेडात नेऊन पाहिले. मग त्यांनी माझे भिंग पदराने पुसले, बसवले आणि मला समुद्राकडे धरले. गुणाजीची होडी परत येत होती. शीड वर होते, पाणी खाली होते. रतन म्हणायची तशी विडीही दिसत असेल. बाई रडल्या नाहीत. मला वाटले होते रडतील. त्यांनी पेन्सिल घेतली, पत्राच्या पाठीवर काहीतरी काढले, खाली काहीतरी लिहिले. मग पत्र होते तसे घडी करून, होते तसे माझ्या नळीत घातले आणि मला माळ्यावर ठेवून दिले.

तेव्हा मी रागावले. मला वाटले, आता तरी माझ्यावरचा आळ जाईल, आणि हिनेच पुन्हा मला बंद केले. पुढे कळले. ज्या हाताने ते आत घातले त्याच हाताने ते बाहेर यावे, म्हणून त्या थांबल्या होत्या.

त्यानंतर त्या वर्षातून एकदा-दोनदा सहज विचारत, "पत्र नाहीच ना आलं ते?" आधी विचारत तेव्हा आवाजात आशा असे. आता आवाजात वेगळेच काही असे. मास्तरांना फरक कळला नाही. दर वेळी ते म्हणाले, "नाही."

त्रेसष्ट सालच्या श्रावणात बाईंना ताप आला. खाडीला पूर होता, माणसे पार नेणारी नाव बंद होती, डॉक्टर तिसऱ्या दिवशी आले. त्यांनी मास्तरांना बाजूला घेऊन काय सांगितले ते मला ऐकू आले नाही. संध्याकाळी बाईंनी हाक मारली.

"अहो."

"काय गं?"

"तुम्हाला मला काही सांगायचंय का?"

मास्तर त्यांचा हात धरून बसले होते. पाऊस कौलांवर वाजत होता. मी माळ्यावर, त्यांच्या डोक्यावर दोन हातांवर.

"तू बरी हो आधी," मास्तर म्हणाले. "मग सांगतो."

"बरं," बाई म्हणाल्या.

पहाटे त्या गेल्या.

पुढची दोन वर्षे मास्तर त्या घरात एकटे राहिले. पासष्ट सालच्या दिवाळीच्या सुमारास एका पहाटे गुणाजी कुंपणाशी येऊन उभा राहिला.

"मास्तर, मी मासेच बगतो," तो म्हणाला. "पन आज डोंगरावर बगितलं. शेपटीचा तारा उगवलाय. मोटा हाय. वैनी असती तर तुमाला हाक मारली नसती, तिलाच मारली असती."

मास्तरांनी शिडी लावली. त्यांनी माझे भिंग उघडून कागद बाहेर काढला. घडी उलगडताना पाठीवरचे चित्र समोर आले. धूमकेतूचे डोके, वर शेपूट आणि खाली ती रेघ, सुईसारखी सरळ. चारी बाजूंना तारे जिथल्या तिथे. खाली दोन तारखा होत्या. एक सत्तावन्नच्या एप्रिलची, एक एकसष्टच्या एप्रिलची. आणि त्याखाली एक ओळ.

'दुर्बीण चांगली आहे.'

बाकी काही नाही. मास्तरांविषयी एक अक्षरही नाही. तुम्ही असे का केले, असेही नाही.

मास्तरांनी दुसरी तारीख पुन्हा पुन्हा वाचली. बाईंनी दोन वर्षांत किती वेळा विचारले आणि आपण किती वेळा 'नाही' म्हणालो, ते बोटांवर मोजू लागले आणि मध्येच थांबले. गुणाजीने कुंपणापलीकडून विचारले, "काय झालं मास्तर?"

"गुणाजी, तिला नाळ दिसली होती. खरी होती."

"मला ठावं हाय. मी बगितली ना."

"मी तिला सांगितलं नाही."

गुणाजीने डोंगराकडे पाहिले. मग म्हणाला, "ता तुमी आता मना सांगून काय उपेग?"

त्या दिवशी मास्तरांनी मला शाळेत नेले. मुलांसमोर उभे राहून ते म्हणाले, "मी तुमच्या शाळेत खोटं बोललो. दुर्बिणीत दोष नव्हता. ही दुर्बीण अनुसूयाबाईंची आहे." मुलांना काही कळले नाही. जी मुले आठ वर्षांपूर्वी ऐकायला होती ती कधीच शाळा सोडून गेली होती. मास्तरांनी बाईंचे चित्र मुंबईला पाठवले, या वेळी बाईंच्या नावाने. उत्तर आले नाही. मंडळाचा पत्ता बदलला होता म्हणतात. पाकीट परत आले ते मास्तरांनी तुमच्या कपाटात, माझ्याशेजारी ठेवले आहे. हवे तर बघा.

आता माणूस चंद्रावर उतरून आला. तुम्ही रेडिओला कान लावून बसला होता, मी कपाटातून ऐकले. बाईंनी सांगितलेले खळगे तिथे आहेत, असे तो म्हणाला असेल. मास्तर आता निवृत्त झाले. संध्याकाळी येतात, मला पुसतात, मुलांना बोलावतात. मुलाने डोळा लावला की विचारतात, "काय दिसलं?" मूल सांगते ते वहीत तसेच लिहितात. त्यांचे पुसणे पहिल्यासारखेच मऊ आहे. मी त्यांना क्षमा केली का, असे विचारू नका. ज्यांनी करायची त्या राहिल्या नाहीत, आणि त्यांच्या वतीने करणारी मी कोण?

माझे मागणे थोडे आहे. मला समुद्राच्या ओल्या हवेत उघडी ठेवू नका. भिंगावर बुरशी धरते. पुसायला धुतलेले सुती फडके घ्या, शर्टाची बाही नको. माझ्या नळीत काही कोंबू नका. आणि कुणी तुमच्याकडे धावत येऊन म्हणाले की मला असे असे दिसले, तर पुस्तक नंतर उघडा, आधी त्याच संध्याकाळी त्याच्याबरोबर बाहेर या. तिसऱ्या दिवसानंतर मीसुद्धा काही दाखवू शकत नाही.